जुन्या ट्रकच्या स्टेअरिंगचा प्ले: स्क्रू आवळण्याआधी काय बघायचं आणि मग तो कसा आवळायचा

स्टेअरिंग ढिलं झालं, म्हणजे चाकं न हलता ते थोडं रिकामंच फिरू लागलं (यालाच प्ले म्हणतात), की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. गाडीखाली शिरायचं, स्टेअरिंग बॉक्सवरचा चेकनट (स्क्रू जागच्या जागी धरणारा नट) सोडायचा, मधला स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आवळायचा, चेकनट मारायचा आणि गाडी रस्त्याला लावायची. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर सांगतो की वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून परत येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे-उजवीकडे भटकते. मग कोणीतरी स्क्रू आणखी आवळतो. सहा महिन्यांत बॉक्स खराब होतो, आणि ज्या बॉल जॉइंटमुळे (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्यामुळे) सगळं सुरू झालं तो तसाच खडखडत असतो.

काम अवघड नाही, पण त्याचा क्रम उलटा केला जातो. बॉक्सचा स्क्रू ही शेवटची पायरी आहे. त्याआधी चाकापासून बॉक्सपर्यंतचा एकेक सांधा तपासायचा, मग बॉक्स मोकळा करायचा, मग आधी वर्म आणि त्यानंतर सेक्टर लावायचा. हे दोन्ही बॉक्सच्या आतले भाग, ते काय ते पुढे सांगितलं आहे.

हे सगळं मॅन्युअल स्टेअरिंगच्या, रीसर्क्युलेटिंग बॉल बॉक्स असलेल्या गाड्यांसाठी आहे. टाटाच्या जुन्या ४०७, ७०९, १२१० या वर्गातल्या पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. पॉवर स्टेअरिंगच्या बॉक्सला घरी हात लावू नका. त्याचं सेटिंग वेगळं असतं आणि आत तेलाचा दाब असतो. रॅक-पिनियनच्या छोट्या गाड्यांनाही ही पद्धत चालत नाही. बॉक्सच्या बाहेरच्या सांध्यांची तपासणी मात्र कुठल्याही ट्रकला लागू आहे.

आधी बॉक्सच्या आत काय आहे ते

स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला वर्म असतो, म्हणजे जाड आट्यांचा स्क्रू. त्यावर एक मोठा नट बसतो आणि दोघांच्या आट्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरतात. नटाच्या बाहेरच्या अंगाला दाते असतात, ते सेक्टर शाफ्टच्या दात्यांत अडकतात. सेक्टर शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म (शाफ्टसोबत हलणारा आखूड दांडा), ड्रॉप आर्मला ड्रॅगलिंक (चाकाकडे जाणारा लांब दांडा) आणि तिथून पुढे चाक.

या बॉक्सला दोन सेटिंग आहेत. एक वर्मच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचं. ते काही बॉक्समध्ये टोकाच्या मोठ्या आटेवाल्या झाकणाने होतं, काहींत झाकणाखालच्या शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी. दुसरं सेक्टर आणि नटाच्या दात्यांमधल्या फटीचं. वरच्या किंवा बाजूच्या झाकणावर दिसणारा स्क्रू तो हाच.

आता मुद्दा. हे दाते मुद्दाम असे बनवलेले असतात की बॉक्स बरोबर मध्यावर असताना ते घट्ट बसावेत आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल व्हावेत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मध्यभागी जास्त होते आणि नंतर ती भरून काढायला जागा लागते. त्यामुळे पूर्ण वळवल्यावर बॉक्समध्ये जाणवणारा थोडा प्ले हा दोष नाही. तो घालवायला जो स्क्रू आवळतो, तो मध्यावर दाते एकमेकांत चेपून टाकतो.

टप्पा १: तयारी

आदल्या संध्याकाळी बॉक्सचा चेकनट, ड्रॅगलिंकचे नट आणि ड्रॉप आर्मचा नट यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी डिझेल आणि ब्रशने पुढचा ॲक्सल, सगळे बॉल जॉइंट, बॉक्स आणि बॉक्सजवळची चेसिस धुऊन कोरडी करा. चिखल आणि जुनं ग्रीस यांच्या थराखाली हललेला बोल्ट दिसत नाही, चेसिसला गेलेली चीरही दिसत नाही. धुण्याचा कंटाळा करून कोणी हे काम नीट केल्याचं मी पाहिलेलं नाही.

गाडी रिकामी, सपाट आणि पक्क्या जमिनीवर. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी आणि कंपनीने सांगितलेली. हवा कमी असली तर गाडी भटकते आणि तो प्ले वाटतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवायचे ठोकळे) लावा, इंजिन बंद.

लागणाऱ्या वस्तू: जॅक, दोन मजबूत घोड्या, रिंग पाने, बॉल जॉइंटचा पुलर, टॉर्क पाना, मोठा स्क्रूड्रायव्हर, पहार, स्टीलची पट्टी, खडू, पातळ तार, चिकटपट्टी, नव्या स्प्लिट पिना आणि गिअर ऑइल. एक किलोपर्यंत मोजणारा हातातला स्प्रिंग काटा मिळाला तर फार उपयोगी पडतो. सोबत एक माणूस हवाच. स्टेअरिंग हलवणारा आणि खाली बघणारा एकच माणूस असू शकत नाही.

सावध: जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या ॲक्सलखाली बसल्या, गाडी ढकलून पाहिली, मगच खाली. विटा किंवा दगडांची रास घोडीच्या जागी चालत नाही.

टप्पा २: प्ले मोजा आणि लिहून ठेवा

चाकं सरळ ठेवा. डॅशबोर्डला तारेचा एक काटा चिकटवा, त्याचं टोक स्टेअरिंगच्या कडेजवळ येऊ द्या. सोबतचा माणूस खाली बसून पुढच्या टायरकडे बघेल. स्टेअरिंग हळू डावीकडे फिरवा. टायर हलायला लागला की तो "बस" म्हणेल. तिथे कडेवर खडूची खूण. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर कडेवरून पट्टीने मोजा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंग व्हीलवरचा बॅकलॅश, म्हणजे हाच प्ले, ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. बॉल जॉइंटला रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात, हेही त्याच नियमात आहे. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १२ सेंटीमीटर. एवढा प्ले पासिंगच्या नियमात बसेल, पण घाटात भरलेली गाडी चालवायला तो फार आहे. अमेरिकेच्या व्यापारी वाहनांच्या नियमांत मॅन्युअल स्टेअरिंगच्या १८ इंची व्हीलला, म्हणजे जवळपास याच मापाला, कडेवर ५७ मिलिमीटरची मर्यादा आहे. मी स्वतः हाच आकडा धरतो. त्यापुढे गेलं की गाडी दुरुस्तीला घ्यायची.

तपासा: तीन वेळा मोजा. तिन्ही मापं वेगळी येत असतील तर कुठेतरी बोल्ट हललेला आहे किंवा काहीतरी सरकतं आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ३: सांधे, जमिनीवर उभ्या गाडीचे

ही तपासणी चाकं जमिनीवर टेकलेली असताना करायची. उचललेल्या गाडीत सांध्यांवर भार नसतो, त्यामुळे झिजलेला सांधाही घट्ट वाटू शकतो. सोबतच्या माणसाला व्हील थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सलग हलवत ठेवायला सांगा, टायर जेमतेम हलेल इतकंच. तुम्ही वरून खाली एकेक जोड हाताने धरा. तळवा दोन्ही भागांवर एकदम पडला पाहिजे. एक भाग आधी आणि दुसरा उशिरा हलला तर प्ले तिथे आहे.

क्रम असा ठेवा:

१. स्टेअरिंग कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याचे स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते). आवळायचा बोल्ट ढिला असेल तर वरचा दांडा हलतो आणि बॉक्सचा दांडा जागीच राहतो.

२. बॉक्स आणि चेसिस. एक बोट बॉक्सवर, एक चेसिसवर. बॉक्सच हलत असेल तर त्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे (आवळायच्या जोराप्रमाणे) आवळा. भोकं अंडाकृती झाली असतील किंवा चेसिसला बॉक्सजवळ चीर असेल तर आवळून काही होणार नाही, आधी ते दुरुस्त करावं लागेल. भरपूर प्ले असलेल्या गाडीत हे हमखास राहून जातं, कारण सगळ्यांचं लक्ष स्क्रूकडे असतं.

३. बॉक्समध्ये जाणारा दांडा आणि बाहेर येणारा ड्रॉप आर्म. दांडा फिरतो आणि ड्रॉप आर्म स्तब्ध राहतो, तेवढा वाटा बॉक्सचा. व्हीलच्या कडेवर तो किती मिलिमीटर आहे ते लिहून ठेवा.

४. ड्रॉप आर्म आणि सेक्टर शाफ्ट. इथे प्ले शून्य हवा. शाफ्टच्या स्प्लाइनवर आर्म हलत असेल तर नट आवळून चालवू नका. आर्म काढून दोन्हीकडचे स्प्लाइन बघा.

५. ड्रॅगलिंकची दोन्ही टोकं आणि मग टायरॉडची (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. बॉल जॉइंट वर-खाली दाबूनही बघा.

६. पुढच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट, स्प्रिंगच्या पिना आणि बुश. ॲक्सलच स्प्रिंगवर सरकत असेल तर स्टेअरिंग कितीही घट्ट केलं तरी गाडी भटकणार.

झिजलेला बॉल जॉइंट बदलायचा, त्याला दुसरा उपाय नाही. ठोकून घट्ट केलेला, वेल्डिंग मारलेला किंवा तापवलेला जॉइंट, आर्म किंवा रॉड गाडीला लावायचा नाही. तापवल्याने पोलादाचा कस जातो आणि तो भाग न सांगता तुटतो.

काही फार जुन्या गाड्यांत ड्रॅगलिंकच्या आत स्प्रिंग, बॉलच्या वाट्या आणि टोकाला आटेवाला बूच असतो. बूच पूर्ण आवळून तसाच सोडला तर बॉल जखडतो. आधी घट्ट बसवायचा, मग मॅन्युअलप्रमाणे मागे घ्यायचा. बहुतेकदा हे माप अर्धा फेरा असतं, काही टोकांना पूर्ण फेरा. मग जवळच्या भोकात नवी स्प्लिट पिन.

नेहमीची चूक: स्प्लिट पिनेचं भोक जुळत नाही म्हणून नट मागे सोडणं. बॉल जॉइंटचा नट टॉर्कपर्यंत आवळल्यावर भोक जुळवायला तो पुढेच न्यायचा. मागे घेतला की जॉइंटची निमुळती दांडी सैल बसते आणि भोक खाऊन टाकते.

टप्पा ४: सांधे, उचललेल्या ॲक्सलचे

आता ॲक्सलखाली जॅक, मग घोड्या. एका हाताने टायरचा माथा, दुसऱ्याने तळ धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर तो हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगचा आहे की किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिचा), हे ओळखायची सोपी युक्ती आहे. सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन आणि बुश. ब्रेकमुळे हब आणि नकल (किंगपिनवर वळणारा, हब धरणारा भाग) एक होतात, म्हणून बेअरिंगचा खेळ लपतो आणि किंगपिनचा उघडा पडतो.

बेअरिंगचं सेटिंग चाक फिरवत-फिरवत मॅन्युअलप्रमाणे करा आणि ग्रीस नवं भरा. किंगपिनचा खेळ ग्रीस मारून तात्पुरता लपतो, पण बरा होत नाही. निपलमधून नवं ग्रीस वर-खाली दोन्हीकडून बाहेर येतं का ते बघा. येत नसेल तर बुश कोरडा चालतो आहे आणि पिन जखडायला लागली आहे. जखडलेली किंगपिनही स्टेअरिंग परत येऊ देत नाही आणि दोष बॉक्सला दिला जातो.

हे झालं की गाडी खाली घ्या आणि प्ले पुन्हा मोजा. टप्पा २ मधल्या आकड्याशी ताडून बघा. निम्म्याहून जास्त गाड्यांचं काम माझ्या अनुभवात इथेच संपतं. माप ५७ मिलिमीटरच्या पुष्कळ आत आलं असेल आणि बॉक्सचा वाटा थोडासाच असेल, तर स्क्रूला हात लावू नका.

टप्पा ५: बॉक्स मोकळा करा आणि त्याचा मध्य शोधा

बॉक्सचाच प्ले उरला असेल तर ड्रॅगलिंकचं टोक ड्रॉप आर्मपासून पुलरने सोडवा. चाकांचा भार जोडलेला असताना बॉक्सची आतली घट्टाई हाताला कळत नाही. "थोडं आवळून बघू" हा अंदाज चुकतो तो इथेच.

सावध: ड्रॅगलिंक सुटल्यावर व्हील जोरात फिरवून टोकाला आदळू नका. नटाच्या आतल्या गोळ्यांच्या वाटा आदळण्याने खराब होतात. टोकाला हळूच टेकवायचं.

सावध: ड्रॉप आर्म काढायचाच असेल तर आधी शाफ्ट आणि आर्म यांवर छिन्नीने एकमेकांसमोर खूण करा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. तो घाव थेट सेक्टरच्या दात्यांवर आणि वर्मच्या बेअरिंगवर बसतो.

मध्य असा शोधा. व्हील हळू एका टोकाला टेकवा, कडेवर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत जा, पाव फेऱ्यापर्यंत अचूक. समजा पावणेपाच फेरे आले. तर टोकापासून दोन फेरे आणि एका फेऱ्याचा तीन-अष्टमांश भाग परत या. हा बॉक्सचा मध्य. बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्यावर आणि बॉक्सच्या अंगावर खूण करा.

आता खरी मेख. पुढची चाकं सरळ ठेवून ड्रॅगलिंकचं टोक ड्रॉप आर्मच्या भोकाजवळ आणा. बॉक्स मध्यावर असताना ते आपसूक जुळायला हवं. कित्येक जुन्या गाड्यांत ते जुळत नाही. कारण असं घडतं: कधीतरी टायरॉड किंवा ड्रॅगलिंक बदलली, गाडी सरळ चालताना व्हील तिरकं दिसू लागलं, मग कोणीतरी व्हीलचा नट सोडला, व्हील उचलून सरळ बसवलं आणि काम झालं असं समजलं. दिसायला व्हील सरळ झालं, पण बॉक्स मध्याच्या बाजूला राहिला. त्या जागी दाते मुळात सैल, म्हणून सरळ रस्त्यावर प्ले जाणवतो. मग चाकं सरळ ठेवून स्क्रू आवळला जातो. प्ले जातो, आणि वळताना बॉक्स मध्यावरून गेला की तिथे अडकतो.

एक ऊसवाली ४०७ अशीच आली होती. उजवीकडे वळताना स्टेअरिंग हलकं, डावीकडे एका जागी जड, आणि त्या जागी सोडलं तर तिथेच उभं. तीन ठिकाणी बॉक्स आवळून झाला होता. बॉक्स जवळजवळ अर्धा फेरा मध्यापासून सरकलेला निघाला. स्क्रू सोडला, ड्रॅगलिंकची लांबी सुधारली, आणि मग सेक्टर नव्याने मध्यावर लावला.

म्हणून बॉक्स मध्यावर, चाकं सरळ आणि व्हीलचे आरे सरळ, हे तिन्ही एकाच वेळी जुळलं पाहिजे. ड्रॅगलिंकला लांबी बदलायची सोय असेल तर ती बदला. नसेल तर ड्रॉप आर्म चुकीच्या दात्यावर बसला आहे का, आर्म किंवा रॉड वाकला आहे का, स्प्रिंगच्या सेंटर बोल्टवर ॲक्सल सरकला आहे का, हे शोधा. व्हील उचलून बसवणं हे सगळ्यात शेवटी, आणि बॉक्स मध्यावर असल्याची खात्री झाल्यावरच.

टप्पा ६: आधी वर्मचं बेअरिंग

१. सेक्टरचा चेकनट सोडा आणि स्क्रू दोन-तीन फेरे मागे घ्या. हे केलं नाही तर वर्मची घट्टाई मोजताना सेक्टरचे दातेही मोजले जातात.

२. बॉक्समध्ये जाणारा दांडा हाताने आत-बाहेर ओढा. लांबीच्या दिशेने खेळ असेल तर वर्मचं बेअरिंग सैल आहे. स्क्रू कितीही आवळला तरी हा प्ले जात नाही, आणि मोडलेल्या बॉक्सचं हे एक नेहमीचं कारण आहे.

३. आटेवालं झाकण असेल तर त्याचा मोठा चेकनट सोडून झाकण हळू आवळा. शिम असतील तर झाकण उघडून सगळ्यात पातळ शिम एक काढा, झाकण बसवा, पुन्हा तपासा. एका वेळी एकच शिम. झाकण उघडण्याआधी खाली भांडं ठेवा, तेल येईल.

४. व्हील टोकापासून अर्धा फेरा आत आणून, कडेला दोरा बांधून स्प्रिंग काट्याने कडेच्या दिशेत सरळ ओढा. व्हील फिरत असताना काटा काय दाखवतो ते वाचायचं, सुरुवातीचा झटका धरायचा नाही.

नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकन पिकअपच्या जुन्या सॅगिनॉ मॅन्युअल बॉक्सना वर्मची घट्टाई अर्धा ते एक न्यूटन मीटरच्या आत ठेवतात. ४५ सेंटीमीटरच्या व्हीलच्या कडेवर हे साधारण २५० ते ४०० ग्रॅम ओढ होतं, म्हणजे एका बोटाने सहज फिरेल इतकं. मोठ्या ट्रकच्या बॉक्सचा आकडा वेगळा असेल, पण "घट्ट" या शब्दावरून हाताला जे वाटतं त्यापेक्षा खरं सेटिंग नेहमीच हलकं असतं. कॉलमचं वरचं बुश कोरडं असेल तर त्याची ओढही यात मिसळते, म्हणून ते आधी बघून घ्या.

तपासा: चेकनट आवळल्यावर काटा पुन्हा लावा. चेकनट आवळताना झाकण हमखास थोडं फिरतं. फिरवताना कुठे खरखर, अडखळ किंवा ठरावीक जागी जड लागलं तर बेअरिंग किंवा गोळ्यांच्या वाटा खराब आहेत. असा बॉक्स उघडावा लागतो.

टप्पा ७: मग सेक्टरचा स्क्रू

१. बॉक्स खुणेवर, बरोबर मध्यावर आणा.

२. एका हाताने ड्रॉप आर्मचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. दुसऱ्या हाताने स्क्रू हळूहळू आवळा, एका वेळी एक अष्टमांश फेरा. कोणत्या दिशेने दाते जवळ येतात ते आधी पक्कं करा. बहुतेक बॉक्समध्ये घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतं, पण गृहीत धरू नका, ड्रॉप आर्मचा खेळ कमी होतो की वाढतो ते बघा.

३. ड्रॉप आर्मचा खेळ संपला की थांबा. व्हील मध्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरा फिरवा. मध्यावरून जाताना हाताला किंचित उंचवटा ओलांडल्यासारखं जाणवलं पाहिजे. जाणवतं पण अडवत नाही, हे बरोबर सेटिंग.

४. काट्याने मध्यावरची ओढ मोजा. वर सांगितलेल्या सॅगिनॉ बॉक्सना वर्मच्या घट्टाईवर सेक्टरची आणखी अर्धा ते एक न्यूटन मीटर देतात आणि एकूण १.८ च्या आसपास थांबतात. त्याच व्हीलवर हे सुमारे ८०० ग्रॅम.

५. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने जागच्या जागी धरून चेकनट आवळा. स्क्रू न धरता चेकनट मारला तर स्क्रू सोबत फिरतो आणि आतापर्यंतची मेहनत वाया जाते. चेकनटनंतर पुन्हा मोजा.

६. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्य सोडून कुठेही जास्त जड लागता कामा नये.

मध्यावर प्ले आणि बाजूंना जड, असं उलटं लागत असेल तर मधले दाते खाल्ले गेले आहेत. स्क्रू पूर्ण आत गेला तरी प्ले राहत असेल तेव्हाही हेच. ड्रॉप आर्म वर-खाली उचलल्यावर शाफ्ट बॉक्समध्ये हलत असेल तर सेक्टरचं बुश गेलं आहे, बहुधा सीलमधून तेलही येत असेल. या तिन्ही गोष्टींवर स्क्रूचा इलाज नाही. बॉक्स उतरवून भाग बदला.

तेल: बहुतेक मॅन्युअल बॉक्सना ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, भरण्याच्या बुचापर्यंत. बॉक्स गळतो म्हणून त्यात ग्रीस कोंबण्याची पद्धत फार पसरली आहे. गोळ्या ग्रीसमध्ये वाट पाडून पुढे जातात आणि ग्रीस परत त्या जागी येत नाही. मग गोळ्या कोरड्या फिरतात. गळत असेल तर सील बदला.

टप्पा ८: जोडणी

ड्रॅगलिंक जोडा, नट टॉर्कप्रमाणे, स्प्लिट पिन नवी. रबरी टोप्या फाटलेल्या असतील तर आत्ताच बदला. त्यातून आत गेलेली रेती आणि पावसाचं पाणी नवा जॉइंट एका हंगामात खातात. टायरॉड किंवा त्याचं टोक बदललं असेल तर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते माप) मोजल्याशिवाय गाडी लांब पाठवू नका.

ॲक्सल पुन्हा उचलून व्हील दोन्ही टोकांना फिरवा. पूर्ण वळणावर ॲक्सलवरचे स्टॉप बोल्ट आधी टेकले पाहिजेत. ते टेकण्याआधी बॉक्स आतून टोकाला लागत असेल तर प्रत्येक कडक वळणाचा धक्का बॉक्सच्या आत बसतो. टायर स्प्रिंगला किंवा ड्रॅगलिंकला घासत नाही ना, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा.

टप्पा ९: चालवून बघणं

आधी मोकळ्या मैदानात. ताशी १०-१५ किलोमीटरने वळवा आणि हात सैल सोडा, पण व्हीलजवळच ठेवा. चाकं आपणहून सरळ व्हायला लागली पाहिजेत. मध्याजवळ येऊन व्हील थबकत असेल तर सेक्टर जास्त आवळला आहे. गाडी तशीच रस्त्यावर नेऊ नका. परत या, ड्रॅगलिंक सोडा आणि टप्पा ७ पुन्हा करा. चालत्या गाडीचा अंदाज घेत वरूनच स्क्रू सोडू नका.

मग सरळ, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० पर्यंत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायरची हवा, ब्रेक धरणं आणि ॲक्सल बघा, ते बॉक्सचं काम नाही. दोन्हीकडे भटकत असेल आणि व्हील जड असेल तर बॉक्स किंवा किंगपिन जखडली आहे. भटकत असेल आणि व्हील सैल असेल तर एखादा सांधा नजरेतून सुटला आहे.

आंबा किंवा कुंभार्लीसारखा घाट भरलेल्या गाडीने लगेच चढू-उतरू नका. आधी शे-दोनशे किलोमीटर रिकामी किंवा हलकी चालवा, मग बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट, यू-बोल्ट आणि सगळ्या स्प्लिट पिना पुन्हा बघा. प्लेचं माप घ्या आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी माप वाढलं की पुन्हा टप्पा ३ पासून सुरुवात करायची.